बुद्धिमापनाचे जनक : आल्फ्रेड बिने

परीक्षा म्हटले की एक ठरावीक चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. रांगेने मांडलेली बाके, प्रत्येकाच्या हाती एकच प्रश्नपत्रिका आणि ठरलेल्या वेळी होणारी घंटा. ज्याला विषय उत्तम येतो त्यालाही तेच प्रश्न आणि ज्याचे शिक्षण काही कारणाने मध्येच सुटले त्यालाही तेच. आज मात्र जगात अनेक ठिकाणी निराळ्या प्रकारची परीक्षा घेतली जाते. परीक्षार्थी संगणकासमोर बसतो. त्याचे उत्तर बरोबर आले की संगणक पुढचा प्रश्न थोडा कठीण देतो. उत्तर चुकले की थोडा सोपा देतो. अशा रीतीने परीक्षाच परीक्षार्थ्याशी जुळवून घेते. म्हणून तिला संगणकाधारित अनुकूली चाचणी असे म्हणतात.

या पद्धतीचा उगम शोधत मागे गेले की आपण शंभर वर्षांपूर्वीच्या पॅरिस शहरात येऊन पोहोचतो. त्या काळी संगणक नव्हता. एका लहानशा खोलीत एक परीक्षक आणि त्याच्यासमोर बसलेले एक मूल, एवढाच सारा संसार होता. हा प्रयोग ज्यांनी प्रथम सिद्ध केला, ते फ्रेंच मानसशास्त्रज्ञ म्हणजे आल्फ्रेड बिने.

बिने यांचा जन्म जुलै १८५७ मध्ये भूमध्य समुद्राच्या काठी वसलेल्या नीस या नगरात झाला. त्या वेळी नीस सार्डिनियाच्या राज्यात होते. १८६० मध्ये ते फ्रान्समध्ये सामील झाले. वडील वैद्यकीय व्यवसायात होते, तर आई चित्रकार होती. आल्फ्रेड हे त्यांचे एकुलते एक अपत्य. आईवडील विभक्त झाल्यावर मुलाचे संगोपन आईनेच केले. पुढे उत्तम शिक्षण मिळावे म्हणून ती त्याला घेऊन पॅरिसला आली.

पॅरिसमध्ये शालेय शिक्षण पूर्ण करून बिने यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि १८७८ मध्ये पदवी मिळवली. परंतु वकिलीत त्यांचे मन रमले नाही. त्यांनी वैद्यकाकडे वळून पाहिले. तोही अभ्यास अर्धवट राहिला. अखेर त्यांची पावले पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे वळली. मानवी मनासंबंधी त्या काळी उपलब्ध असलेले ग्रंथ ते तेथे बसून वाचू लागले. कोणी गुरू नाही, वर्ग नाही, अभ्यासक्रम नाही. मानसशास्त्राची रीतसर पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. आपल्या विषयाचे शिक्षण या थोर शास्त्रज्ञाने स्वतःच स्वतःला दिले होते.

स्वयंशिक्षणाचा मार्ग मोकळा असला तरी त्यात ठेचाही लागतात. १८८० मध्ये स्पर्शसंवेदनेवर लिहिलेल्या त्यांच्या पहिल्याच लेखावर बेल्जियमचे विद्वान देल्बफ यांनी कडक टीका केली. त्यानंतर १८८३ च्या सुमारास बिने पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयात दाखल झाले. तेथील विख्यात मेंदूविकारतज्ज्ञ शार्को हे संमोहनावर प्रयोग करीत असत. बिने त्यांच्या प्रभावाखाली आले. संमोहित रुग्णाच्या शरीराच्या एका बाजूची संवेदना लोहचुंबकाच्या साहाय्याने दुसऱ्या बाजूला नेता येते, असे आपल्या प्रयोगांतून सिद्ध झाल्याचे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने जाहीर केले.

देल्बफ यांनी हे प्रयोग स्वतः पाहिले आणि त्यातील दोष दाखवून दिला. प्रयोग करणारे आपल्या अपेक्षा रुग्णासमोरच बोलून दाखवीत होते. रुग्ण त्या अपेक्षेप्रमाणे वागत होता. चुंबकाचा त्यात काहीही भाग नव्हता. बिने यांनी आरंभी आपली बाजू लढवली, परंतु पुढे त्यांना हार मान्य करावी लागली. तरुण संशोधकाच्या दृष्टीने हा मोठाच मानभंग होता. मात्र या प्रसंगाने त्यांना आयुष्यभराची शिकवण दिली. परीक्षकाच्या एका शब्दाने, एका नजरेनेसुद्धा समोरच्याचे उत्तर बदलू शकते, हे त्यांच्या मनावर कायमचे कोरले गेले. १९०० मध्ये त्यांनी याच विषयावर, म्हणजे माणसाच्या सूचनवशतेवर, स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

दरम्यान १८८४ मध्ये त्यांचा विवाह झाला होता. मादलेन आणि आलिस या दोन मुली लवकरच घरात खेळू लागल्या. रुग्णालयातून बाहेर पडलेल्या बिने यांना आपली खरी प्रयोगशाळा घरातच सापडली. मुली चालायला कशा शिकतात, लहानमोठ्या रेघा कशा ओळखतात, वस्तूंचे वर्णन कसे करतात, याची ते बारकाईने नोंद ठेवू लागले. मादलेन सावध होती. कशाचा तरी आधार घेऊन, पुढे कोठे जायचे ते नीट पाहून मगच ती पाऊल टाकी. आलिस मात्र पडण्याची पर्वा न करता डुलत डुलत पुढे निघे. एकाच घरातील, एकाच संस्कारात वाढणाऱ्या दोन मुलींच्या विचार करण्याच्या तऱ्हा इतक्या भिन्न असतील, तर सर्व मुलांना एकाच मापाने कसे मोजता येईल, हा प्रश्न बिने यांच्या मनात घर करून राहिला. १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुद्धीच्या प्रायोगिक अभ्यासावरील त्यांच्या ग्रंथाचा पाया या दोन मुलींच्या निरीक्षणावरच उभा आहे.

१८९१ मध्ये बिने सोर्बोन विद्यापीठाच्या मानसशास्त्रीय प्रयोगशाळेत विनावेतन काम करू लागले. १८९४ मध्ये ते तिचे संचालक झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. त्याच वर्षी कीटकांच्या मज्जासंस्थेवरील प्रबंधासाठी त्यांना विज्ञानातील डॉक्टरेट मिळाली. १८९५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मानसशास्त्राचे एक वार्षिक नियतकालिक सुरू झाले. एवढे कार्य करूनही फ्रान्समधील प्राध्यापकपद त्यांना कधीच लाभले नाही.

या काळात त्यांनी विलक्षण गणनशक्ती असलेल्या माणसांचाही अभ्यास केला. त्यांपैकी जाक इनोदी हा लहानपणी मेंढ्या राखीत असे. लिहायला-वाचायला तो मोठेपणी शिकला. परंतु मोठमोठ्या संख्यांची आकडेमोड तो मनातल्या मनात करी. दिआमांदी नावाचा दुसरा एक गणनपटूही असाच तरबेज होता. बिने यांना आढळले की इनोदीला आकडे मनात ऐकू येत, तर दिआमांदीला ते लिहिल्यासारखे दिसत. दोघांचे यश सारखे, पण वाटा वेगळ्या. बुद्धी हा एकाच साच्यातला गुण नाही, असे बिने यांचे मत त्यामुळे अधिक दृढ झाले.

त्या काळी बुद्धी मोजण्याचा एक सोपा मार्ग म्हणून डोक्याचा आकार मोजण्याची पद्धत रूढ होती. बिने यांनीही शाळाशाळांतून मुलांची डोकी मोजली. हुशार समजली जाणारी आणि मागे पडलेली मुले यांच्या मापांत नगण्य फरक निघाला. शिवाय, कोणते मूल हुशार हे आधीच ठाऊक असल्यास मोजणाऱ्याचा हातही नकळत तिकडे झुकतो, हे त्यांच्या लक्षात आले. पूर्वीचा धडा ते विसरले नव्हते. त्यांनी मोजपट्टी बाजूला ठेवली आणि मुलांशी बोलून त्यांची विचारशक्ती अजमावण्याचा मार्ग धरला.

लवकरच या विचारांना प्रत्यक्ष कसोटीची संधी मिळाली. १८८२ च्या कायद्याने फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते. पूर्वी शाळेची पायरीही न चढलेली असंख्य मुले वर्गात येऊ लागली. त्यांतील काही मुलांना इतरांबरोबर शिकणे जमेना. अशा मुलांसाठी काय करावे, याचा विचार करण्यासाठी १९०४ मध्ये शिक्षणमंत्र्यांनी एक आयोग नेमला. बिने त्याचे सदस्य होते.

विशेष वर्ग काढावेत, हे ठरवणे सोपे होते. त्या वर्गात कोणाला पाठवायचे, हे ठरवणे अवघड होते. शिक्षक आपल्याला नकोशा झालेल्या खोडकर मुलाला मंदबुद्धी ठरवू शकत. एकाच मुलाला वेगवेगळे डॉक्टर वेगवेगळी नावे देत. कोणी मूल लाजाळू असेल, कोणाला ऐकू कमी येत असेल, कोणाची शाळा आजारपणामुळे बुडाली असेल. अशा मुलावर एकदा मंदबुद्धीचा शिक्का बसला की त्याचे सारे आयुष्य बदलून जाणार होते. एकाही मुलावर असा अन्याय होऊ नये, ही बिने यांची तळमळ होती. त्यासाठी व्यक्तीच्या मर्जीवर अवलंबून नसलेली कसोटी हवी होती.

तेओदोर सिमाँ या तरुण डॉक्टरच्या सहकार्याने बिने यांनी १९०५ मध्ये अशी कसोटी सिद्ध केली. तीत ३० प्रश्न सोप्याकडून कठिणाकडे अशा क्रमाने मांडलेले होते. जळत्या काडीमागे नजर फिरवणे ही पहिली पायरी. पुढे चित्रातील वस्तूंची नावे सांगणे, ऐकलेले आकडे पुन्हा म्हणणे, तीन शब्द वापरून वाक्य तयार करणे अशा पायऱ्या चढत चढत शेवटी अमूर्त शब्दांतील भेद स्पष्ट करावा लागे. मुलाने शाळेत काय पाठ केले आहे, यापेक्षा ते समोरच्या गोष्टीचा विचार कसा करते, हे पाहण्यावर भर होता.

१९०८ मध्ये दोघांनी या कसोटीत महत्त्वाची सुधारणा केली. निरनिराळ्या वयांच्या सुमारे २०० मुलांना प्रश्न विचारून, कोणत्या वयाच्या बहुतेक मुलांना कोणता प्रश्न सुटतो, हे त्यांनी निश्चित केले आणि वयाप्रमाणे प्रश्नांचे गट पाडले. १९११ मध्ये आणखी एक सुधारित आवृत्ती आली. तीत तीन वर्षांच्या मुलाने आपले नाक, डोळे व तोंड दाखवावे, सहा वर्षांच्या मुलाने तेरा नाणी मोजावीत, नऊ वर्षांच्या मुलाने महिन्यांची नावे क्रमाने सांगावीत, अशी अपेक्षा होती. बहुतेक प्रत्येक वयासाठी पाच प्रश्न होते.

या कसोटीची खरी नवलाई ती घेण्याच्या रीतीत होती. प्रत्येक मुलाला सर्व प्रश्न विचारण्याचे कारण नव्हते. परीक्षक मुलाच्या वयाच्या आसपासच्या प्रश्नांपासून प्रारंभ करी. ते जमले नाहीत तर तो खालच्या वयाच्या गटाकडे येई. जमले तर वरच्या गटाकडे जाई. ज्या गटातील सर्व प्रश्न सुटतात तो मुलाचा पाया, आणि ज्या गटातील एकही प्रश्न सुटत नाही ती त्याची सीमा. या दोहोंच्या मधला भाग तेवढा कसून तपासायचा. समजा, नऊ वर्षांच्या एका मुलाने सात वर्षांच्या गटातील सर्व, आठच्या गटातील तीन आणि नऊच्या गटातील दोन प्रश्न सोडवले. दहाच्या गटातील एकही सोडवला नाही. पाया सात वर्षांचा, आणि वरचे पाच प्रश्न मिळून आणखी एक वर्ष; म्हणजे मुलाची बौद्धिक पातळी आठ वर्षांची. अतिशय सोपे प्रश्न विचारून मुलाला कंटाळा आणायचा नाही आणि अतिशय कठीण प्रश्नांचा मारा करून त्याचा धीरही खचवायचा नाही, असा दुहेरी लाभ या रीतीत होता.

परीक्षकाने कसे वागावे, यासंबंधीही बिने दक्ष होते. खोली शांत असावी, मुलाशी स्नेहाने बोलावे, त्याला घाबरवू नये. पण उत्तराकडे बोट दाखवणारी सूचनाही देऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. साल्पेत्रियेरमध्ये पत्करलेल्या पराभवाचे हे फळ होते.

मुलाची पातळी समजली म्हणजे काम संपले, असे बिने यांना मुळीच वाटत नव्हते. रोग्याचे निदान करून त्याला औषधाविना घरी पाठवण्यासारखेच ते झाले असते. बुद्धी जन्मतःच ठरलेली असते व ती वाढू शकत नाही, हे त्या काळी अनेकांना मान्य असलेले मत त्यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात खोडून काढले. योग्य सराव मिळाला तर लक्ष, स्मरण आणि निर्णयशक्ती यांचा विकास होतो, अशी त्यांची धारणा होती. त्यासाठी त्यांनी मनाचे व्यायाम सुचवले. पुतळ्यासारखे निश्चल उभे राहण्याचा खेळ, काही क्षण दाखवलेल्या वस्तू आठवून लिहिण्याचा खेळ असे ते साधे व्यायाम होते. आधी शिकायचे कसे हे शिकवावे आणि मग विषय शिकवावा, असा हा क्रम होता. त्याच वर्षी फ्रान्समध्ये विशेष वर्गांचा कायदाही संमत झाला.

१८ ऑक्टोबर १९११ रोजी, वयाच्या अवघ्या ५४ व्या वर्षी, पॅरिस येथे बिने यांचे निधन झाले. त्यांची कसोटी मात्र तोवर सातासमुद्रापार पोहोचली होती आणि तेथे तिला निराळेच वळण लागले. १९१२ मध्ये जर्मनीचे विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाचे ल्युइस टर्मन यांनी १९१६ मध्ये कसोटीची नवी आवृत्ती काढली आणि त्या भागाकाराला १०० ने गुणून येणारा बुद्धिगुणांक लोकप्रिय केला. बिने यांनी स्वतः असा अंक कधी वापरला नव्हता. मुलाच्या विविधांगी बुद्धीचे सार एका आकड्यात येऊ शकेल, यावर त्यांचा विश्वास नव्हता.

आकडा हाती आला आणि त्याचा गैरवापरही सुरू झाला. मदतीची गरज कोणाला आहे, हे शोधण्यासाठी घडवलेल्या साधनाने अमेरिकेत माणसांची कायमची प्रतवारी होऊ लागली. हेन्री गॉडर्ड यांनी १९१३ मध्ये एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांना या प्रकारच्या चाचण्या दिल्या. लांबच्या प्रवासाने थकलेल्या, भाषेशी अपरिचित असलेल्या गरीब माणसांपैकी अनेकांवर मंदबुद्धीचा शिक्का बसला. पहिल्या महायुद्धात १७ लाखांहून अधिक सैनिकांच्या बुद्धिचाचण्या झाल्या. इतक्या माणसांना एकेकटे बसवून तपासणे शक्य नव्हते. म्हणून सर्वांना एकाच वेळी तेच प्रश्न देणाऱ्या सामूहिक चाचण्या तयार झाल्या. समोरच्या माणसाप्रमाणे प्रश्न बदलण्याची बिने यांची रीत या घाईगर्दीत मागे पडली.

भारतातही या कसोटीची दखल घेतली गेली. परक्या देशातील प्रश्न जसेच्या तसे येथील मुलांना विचारणे अन्यायाचे ठरले असते. व्ही. व्ही. कामत यांनी तत्कालीन मुंबई इलाख्यातील मराठी व कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी तिची सुधारित आवृत्ती तयार केली. १९३४ मध्ये त्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले आणि १९४० मध्ये भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा ग्रंथ आला. बिने-कामत कसोटी या नावाने ती पुढे अनेक दशके आपल्याकडे वापरली गेली.

मागे पडलेल्या त्या रीतीचे पुनरुज्जीवन संगणकाने केले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डेन्मार्कचे गेओर्ग राश, अमेरिकेचे फ्रेडरिक लॉर्ड आदी अभ्यासकांनी प्रश्नाची काठिण्यपातळी आणि परीक्षार्थ्याची क्षमता एकाच मोजपट्टीवर मांडण्याचे गणित विकसित केले. या गणितामुळे दोन परीक्षार्थ्यांना निरनिराळे प्रश्न मिळाले तरी त्यांच्या क्षमतेची तुलना करता येऊ लागली. १९७० नंतर मिनेसोटा विद्यापीठात डेव्हिड वाइस व त्यांचे सहकारी यांनी अनुकूली चाचण्यांवर विपुल संशोधन केले. बिने यांची कसोटी हीच पहिली अनुकूली चाचणी होय, असे वाइस यांनीही नमूद केले आहे.

अशा चाचणीसाठी आधी मोठी प्रश्नपेढी तयार करावी लागते. प्रत्येक प्रश्न पुष्कळ परीक्षार्थ्यांना देऊन त्याची काठिण्यपातळी निश्चित केली जाते. परीक्षेच्या वेळी प्रत्येक उत्तरानंतर संगणक परीक्षार्थ्याच्या क्षमतेचा अंदाज नव्याने बांधतो आणि त्या अंदाजाला साजेसा पुढचा प्रश्न निवडतो. अंदाज पुरेसा नेमका झाला की चाचणी थांबते. त्यामुळे नेहमीच्या परीक्षेपेक्षा बरेच कमी प्रश्न पुरतात. अमेरिकेतील परिचारिकांची परवाना परीक्षा १९९४ पासून या पद्धतीने घेतली जाते. तीत कोणाची परीक्षा लवकर संपते, तर कोणाला अधिक प्रश्न सोडवावे लागतात.

मुलाला साजेसा प्रश्न निवडण्याचे बिने यांचे कौशल्य यंत्राने अशा प्रकारे आत्मसात केले आहे. हजारो जणांची परीक्षा एकाच वेळी घेऊनही ते प्रत्येकाची पातळी वेगळी पाहू शकते. परंतु एखाद्याचे उत्तर भीतीमुळे चुकले, अपरिचित भाषेमुळे चुकले की शिकण्याची संधीच न मिळाल्यामुळे चुकले, हे केवळ त्या उत्तरावरून यंत्राला कळत नाही. ते जाणून घेणे आणि त्यानंतर त्या व्यक्तीला पुढच्या पायरीवर नेणे, हे काम आजही शिक्षकाचे आणि समाजाचे आहे. कसोटी संपल्यावर मुलाच्या खऱ्या शिक्षणाला आरंभ व्हावा, यासाठीच बिने यांनी आपले आयुष्य वेचले.